सहाव्या माळेची गोळी

नातीच्या परीक्षेसाठी मी बारा दिवस पेशंट झालो होतो. ओट्यावरची खाट म्हणजे वॉर्ड, आणि त्या खाटेवर मी. तिने मला निजवलं, कुशीवर वळवलं, मी पडलेला असतानाच माझ्या खालची चादर बदलली, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडले. दंडाला पट्टा बांधून फुसफुस हवा भरली आणि रक्तदाब बघितला. ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत खऱ्या वॉर्डात खरा पेशंट देतात, मागे बाहेरून आलेल्या मॅडम उभ्या राहतात, आणि पोरीने पेशंटचं सगळं करून दाखवायचं, शेवटी त्याला घरी गेल्यावर काय करायचं ते शिकवायचं. घरात रिकामा माणूस मी एकटाच. पोरगा सातपूरला कंपनीत, त्याच्या शिफ्टा फिरत्या. सून मळ्यात. म्हणून मी.

मी चौथी शिकलो. मराठी वाचतो, सावकाश. लिहितो त्याहून सावकाश. हे लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे आमच्या देवीच्या देवळात माझ्या बायकोचा फोटो लावलाय. बाया त्याला कुंकू लावतात. तो तिथे आहे तर खरं काय झालं तेही कुठेतरी असावं. कागद नातीच्या फाइलीतले उरलेले आहेत.

आमचं गाव नाशकाच्या कडेला. निम्मं गाव शहराने खाल्लंय, निम्म्यात अजून फुलं होतात. आमचा झेंडू, थोडी शेवंती. बायको गेली त्याला या नवरात्रात दोन वर्षं होतात.

तर पेशंट. पहिल्याच दिवशी नात ट्रे घेऊन आली. ट्रे म्हणजे परात, वर फडकं. त्यात वाटीत बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, त्या औषध म्हणून.

"नाव सांगा," ती म्हणाली.

"तुला नाही माहीत?"

"आबा, नाव विचारल्याशिवाय गोळी द्यायची नसते. ओळखीचा असला तरी."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर गोळी नाही."

"मग बरंय की. नाही सांगत."

"आबा, मार्क जातात त्याचे."

मी नाव सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. मग तिने मला पाच बरोबर शिकवले. बरोबर माणूस, बरोबर औषध, बरोबर माप, बरोबर वेळ, आणि बरोबर वाट, म्हणजे तोंडाने द्यायची की सुईने. पाकिटावरचं नाव तीनदा वाचायचं, काढताना, देताना, परत ठेवताना. ती माझ्यासमोर बोटांवर मोजत म्हणत होती आणि मी मनात माझा हिशेब लावत होतो. बायकोच्या गोळ्या मीच द्यायचो. माझे पाचही बरोबर होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती जरा फुगलीच.

बायकोला साखर होती सात-आठ वर्षं. एक पांढरी मोठी गोळी घ्यायची, चालायचं. मग त्या वर्षी श्रावणात पायाला जखम झाली, ती भरेना. दवाखान्यात नऊ दिवस ठेवली. सोडताना जुनी गोळी ठेवून आणखी दोन दिल्या. तिथली सिस्टर पिशवी देताना भरभर बोलली. तिच्यामागे दहा माणसं उभी होती, तिचाही दोष नाही. शेवटी म्हणाली, "काका, गोळ्या चुकवायच्या नाहीत. एकही दिवस नाही. समजलं का?"

मी म्हणालो, "समजलं."

आमच्याकडे असंच आहे. शिकलेल्या माणसाने समजलं का म्हणून विचारलं की हो म्हणायचं. नाही म्हटलं तर आपण अडाणी दिसतो आणि त्याचा वेळ जातो. मधे ती जेवणाचं काही बोलली का? बोलली असेल. मला एकच ध्यानात राहिलं, चुकवायच्या नाहीत.

पाकिटांवर सगळं इंग्रजी. मग मी हार ओवायचा दोरा घेतला. सकाळच्या पाकिटाला लाल दोरा, दुपारच्याला पांढरा, रात्रीच्याला हिरवा. लाल दोऱ्याची गोळी सकाळी सातला, दिवस वर आला की. मी स्वतः तळहातावर ठेवायचो आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचो. ती म्हणायची, "अहो, पोलीस हायेत का तुम्ही?" एक दिवस चुकला नाही. पाहुण्यांना मी ते दोरे दाखवायचो.

नातीच्या परीक्षेचा शेवटचा भाग म्हणजे शिकवणं. त्यासाठी तिने कार्डशीटचे तक्ते केले होते, वरून रिंगेत अडकवलेले, एकेक उलटायचा. चित्रं तिची, अक्षरही तिचं. विषय साखरेचा आजार. मला उठवून बसवायची आणि समोर उभी राहायची.

"आजोबा, तुम्हाला साखरेबद्दल काय माहिती आहे?"

"बायकोला होती."

"आबा, तुम्ही पेशंट आहात. तुम्हाला आहे."

"बरं. मला आहे. काहीच माहीत नाही."

"हं, असं."

मग ती तक्ते उलटायची. साखर म्हणजे काय. खायचं काय. पाय कसे जपायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, अनवाणी फिरायचं नाही. गोळी कशी घ्यायची. दर तक्ता झाला की थांबायची आणि म्हणायची, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?"

हे मला नवीन होतं. मी म्हटलं, "समजलं का, असं नाही विचारायचं?"

"नाही. त्याला सगळे हो म्हणतात. मॅडम म्हणतात, पेशंटच्या तोंडून परत ऐकल्याशिवाय शिकवणं झालं असं धरायचं नाही."

ती म्हणाली, "सांगा ना." मी पायांचं सांगितलं. अनवाणी फिरायचं नाही हे अनवाणी बसूनच सांगितलं. ती हसली.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तक्त्यांच्या कोपऱ्यात आकडे होते. चारच्या नंतर ती दोन तक्ते एकदम उलटायची आणि सहा यायचा. पहिल्यांदा वाटलं चिकटले असतील. पण रोजच. बोटाने चाचपून, बरोबर दोन.

"पाच कुठे गेला?" मी विचारलं.

"तो बिघडलाय. परत काढायचाय."

"दाखव तरी."

"आबा, घड्याळ लावलंय मी. दहा मिनिटांत संपवायचं असतं." मनगटावरच्या घड्याळाकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. तक्ते कपाटाच्या वर ठेवलेले होते. मी खुर्चीवर चढलो. या वयात चढू नये हे तिनेच मला शिकवलं होतं, तिसऱ्या तक्त्यावर. तक्ते घेऊन ओट्यावर उजेडात बसलो आणि पाचवा काढला.

तो बिघडलेला नव्हता. सगळ्यांत नीट तोच होता. वर लिहिलं होतं, 'साखर अचानक कमी होणे.' मी एकेक अक्षर जोडून वाचलं. घाम सुटतो. हात थरथरतात. माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. नजर एका जागी राहते. मग गुंगी येते. खाली, कोणाला होऊ शकते. साखरेची गोळी घेऊन वेळेवर न खाणाऱ्याला. गोळी घेऊन उपवास करणाऱ्याला. त्याच्या खाली, काय करायचं. शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं.

बाजूला चित्र होतं. एक म्हातारी बसलेली, कपाळावर घामाचे थेंब, हातांभोवती थरथर दाखवायला वाकड्या रेघा. म्हातारीच्या चष्म्याच्या एका दांडीला दोरा बांधलेला होता. माझ्या बायकोच्या चष्म्याची दांडी तुटली होती, तिथे मीच दोरा बांधला होता. फोटोत तो दिसत नाही. घरच्यांनाच माहीत.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला अक्षरं दिसेनात.

आता ती सकाळ लिहितो.

नवरात्रात बायको नऊ दिवस धरायची. लग्न झाल्यापासून, म्हणजे पन्नास वर्षांच्या वर. सकाळी वाटीभर भगर, दाण्याची आमटी, संध्याकाळी आरती झाल्यावर थोडं फळ. पायाची जखम नुकती भरली होती म्हणून पोरगा म्हणाला, यंदा नको. ती म्हणाली, "देवीनेच पाय वाचवला, आणि तिलाच नाही म्हणू?" गोळी पाण्याने घेतली की उपवास मोडत नाही, हे मीच सांगितलं. पहिल्या पाच माळांना तिने सकाळची भगर खाल्ली. सहाव्या दिवशी दसऱ्याच्या फुलांची घाई सुरू झाली होती. टेंपो दोन वाजता यायचा होता. ती पहाटेपासून ओट्यावर फुलांच्या ढिगात. मी सातला लाल दोऱ्याची गोळी घेऊन गेलो.

"काही खाल्लं का?"

"अहो, आधी घटाची माळ होऊ द्या, मग खाते. ठेवा हातावर."

मी ठेवली. तिने गिळली. मी मळ्यात गेलो.

दहा-साडेदहाला क्रेट घेऊन आलो तर ओट्यावर कोणी नाही. आत बायांचा आवाज. घटापुढे बायको बसलेली, हातात अर्धी माळ, आणि हात थरथरत होते. नुसते हात नाहीत, खांदेसुद्धा. चेहरा घामाने ओला, केस कपाळाला चिकटलेले. डोळे घटाच्या दिव्यावर. ओठ हलत होते, पण एक शब्द धड नाही. हार ओवायला आलेल्या चार-पाच बाया हात जोडून भोवती बसल्या होत्या. शेजारची बाई, बायकोची जुनी मैत्रीण, माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, चपला काढा. आली."

देवी आली असं तिला म्हणायचं होतं. नवरात्रात घटापुढे बाईचं अंग असं कापलं की आमच्याकडे कोणी दुसरं काही म्हणत नाही. माझ्या बायकोच्या अंगात कधी आलं नव्हतं. म्हणून तर सगळ्या जास्त दबल्या होत्या. शेजारणीने तिचं कपाळ पुसून मळवट भरला. ओटी भरली, नारळ, तांदूळ, खण. कोणीतरी विचारलं, पोरीला मूल कधी होईल. बायको मान हलवत होती, त्याला हो धरलं.

मी चपला काढल्या. हात जोडले. पन्नास वर्षांत मी त्या बाईपुढे हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले.

घटापुढे नैवेद्याला खडीसाखरेची वाटी होती. तिच्यापासून हातभर अंतरावर.

थोड्या वेळाने ती कलंडली. बाया म्हणाल्या, देवी निघाली, आता झोपू द्या, फार शीण होतो. चादर घातली. मी परत मळ्यात गेलो, कारण टेंपो दोनला होता. पावणेदोनला आलो तेव्हा घोरल्यासारखा आवाज येत होता आणि हलवलं तरी डोळे उघडेनात. फुलांचा टेंपो आला त्यातच तिला टाकली, पोत्यांवर. नाशकात पोचायच्या आत आवाज थांबला. डॉक्टरने हृदय बंद पडलं म्हणून लिहून दिलं. आम्ही कोणी काही विचारलं नाही. गावाने विचारायचं काही ठेवलंच नव्हतं. घटापुढे, मळवट भरून, भरल्या ओटीने गेलेली बाई. माणसं माझ्या पाया पडली. वर्षश्राद्धाला देवळात फोटो लागला.

नात तेव्हा पहिल्या वर्षाला, होस्टेलवर. दहनाला आली. दहाव्यानंतर तिने कपाटातून गोळ्या काढून बघितल्या आणि मला विचारलं होतं, "आबा, त्या दिवशी सकाळी गोळी दिली होती?"

मी म्हणालो होतो, "दिली. एक दिवस चुकवली नाही."

तिने गोळ्या परत कपाटात ठेवल्या होत्या. मला वाटलं होतं पोरीला माझं कौतुक वाटलं.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, परात घेऊन ओट्यावर आली. मी खाटेवर झोपलो नव्हतो. पाचवा तक्ता मांडीवर घेऊन बसलो होतो. तिने तो बघितला आणि परात खाली ठेवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"दुसऱ्या वर्षी शिकवलं. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या, घाम, थरथर. मी उठून बाहेर गेले. नळावर बसून राहिले."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

मी दुसरंच विचारलं. "मग परीक्षेत काय करणार? तिथेही गाळणार?"

"तिथे घेईन ना."

"बोटांना सवय लागलीय तुझ्या. दोन एकदम उलटायची. इतके दिवस जे केलं तेच तिथे करशील. माझ्यापायी तिथल्या म्हातारीला कमी शिकवशील."

ती रडायला लागली. मी पुसायला गेलो नाही. मला ते कधी जमलं नाही, ते काम बायकोचं होतं. मी म्हणालो, "रडून झालं की मला हे पान शिकव. पेशंटला शिकवतात तसं."

"आबा, नको."

"नाव विचार आधी."

तिने नाव विचारलं. मी सांगितलं. तिने तक्ता हातात घेतला आणि सुरू केलं. एक ओळ सोडली नाही. चित्रावर बोट ठेवताना चष्म्याच्या दोऱ्यावर बोट आलं, ते तिने बाजूला केलं. शेवटी नेहमीचं वाक्य तिला म्हणता येईना. मी वाट बघितली.

"आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं," ती म्हणाली.

मी सांगितलं. घाम सुटतो, केस कपाळाला चिकटतात. हात कापतात, मग खांदे. दिव्याकडे बघत राहते. ओठ हलतात, पण कळत नाही. कोणाला होतं, तर गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्याला. गोळी देणाऱ्याने आधी विचारलं पाहिजे की खाल्लं का, आणि नाही म्हटली तर हात मागे घेतला पाहिजे. मी विचारलं होतं. हात मागे घेतला नाही. काय करायचं, तर साखर द्यायची. साखर शोधायला लागत नाही, घटापुढेच असते.

नात म्हणाली, "एवढं सगळं तक्त्यावर नाही, आबा."

"मग लिही."

तिने सगळं नाही लिहिलं. एक ओळ वाढवली. 'उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद नको, मनाने चालू नको.' उरलेले दिवस आम्ही तेच पान जास्त केलं.

परीक्षा झाली त्या दिवशी मी बसस्टॉपवर जाऊन बसलो होतो. उतरल्याबरोबर विचारलं, "पाचवा उलटलास?"

"उलटला. पेशंट म्हणून एक आजीच मिळाली होती, सातपूरची. उपवास करता का विचारलं तर म्हणाली, सोमवार, गुरुवार, चतुर्थी. गोळी पण घेते म्हणाली, अनशापोटी."

"मग?"

"मग मॅडम म्हणाल्या, वेळ संपला, आवर. मी म्हटलं, मॅडम, आजीकडून परत ऐकायचं राहिलंय. आणि आजीकडून सगळं ऐकून घेतलं."

"मार्क?"

"गेले असतील."

निकाल अजून यायचा आहे.

मला आणखी एक करायचं होतं. शेजारची बाई, जिने मळवट भरला, तिलाही साखर आहे. तिच्याही गोळ्या तसल्याच असतील, नात म्हणाली. तीही नऊ दिवस धरते. आणि माझी बायको गेल्यापासून तर तिला वाटतं, असं मरण यावं. हे ती माझ्यासमोर बोललीय.

घट बसायच्या दोन दिवस आधी बाया देवळात झाडलोट करत होत्या. मी गेलो. फोटो नुकताच पुसून कुंकू लावलेला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "देवी आली नव्हती. साखर उतरली होती तिची. उपाशीपोटी गोळी मी दिली होती. वाटीभर साखर चारली असती तर आज इथे झाडू मारत असती."

मग शेजारीण म्हणाली, "दादा, जीभ आवरा. देवळात हायेत तुम्ही."

"देवळात आहे म्हणूनच सांगतोय."

"म्हातारपणी डोकं फिरलंय तुमचं. तिच्या मरणाचं सोनं झालं, त्याची माती करताय."

"मातीच होती ती. मी हात जोडून बघत उभा होतो."

ती झाडू टाकून निघून गेली. घरी पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला बायांनी कंपनीच्या बसपाशी गाठून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आबा, तुम्ही गप्प राहिला असता तर कोणाचं काय गेलं असतं?" मी म्हणालो, "शेजारणीचं." तो उठून कामावर गेला. फोटो देवळात आहे तसाच आहे. काढा म्हणायचा मला काय हक्क, मी लावलेला नाही.

नात शेजारणीला डॉक्टरकडे न्यायला गेली तर तिने दार लावलं. म्हणून पहिल्या माळेला सकाळी सातला मी तिच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. सुनेकडून वाटीभर भगर घेऊन.

ती बाहेर आली. "काय पायजे?"

"गोळी घेतली?"

"नाय अजून."

"मग आधी हे खा. खाल्ल्याशिवाय मी हलणार नाही. फुलं सुकली तरी."

"लोक काय म्हणतील, सकाळी सकाळी म्हातारा बायामाणसाच्या दारात उभा."

"म्हणू दे. माझं काय राहिलंय?"

तिने माझ्याकडे पाठ करून खाल्लं. वाटी धुऊन ओट्यावर आपटली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मीठ कमी आहे. चौथ्या दिवशी तिची स्वतःची भगर शिजलेली होती, मी नुसता उभा राहिलो. पाचव्या दिवशी नातीला आत घेतलं, पाकिटं दाखवली, संध्याकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरने गोळी निम्मी केली. माझ्याशी मात्र एक शब्द नाही.

आज सहावी माळ होती. मी गेलो. ती ओट्यावर वाटी घेऊन बसली होती, या वेळी पाठ केली नव्हती. दोन घास खाल्ले आणि थांबली.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी ओटी भरताना तिचा हात धरला व्हता मी. गार व्हता. पार भिजलेला. आन् माझा हात तिने सोडंना, धरून ठेवला. मला वाटलं, देवीचा हात आसाच लागत आसंल."

मी तिच्या वाटीकडे बघत होतो. अर्धी भगर तशीच होती.

"खा," मी म्हणालो.